युद्ध पाहिलेला माणूस
(एका छायाचित्रकारावरील माहितीपटाच्या निमित्ताने. मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा आपल्यातल्याच एका वहिनींनी मला थांबवून विचारलं, "भाऊजी, गणपतीच्या दिवसांत युद्धाचं काय काढलंत? काहीतरी प्रसन्न बोला की!" त्यांचं म्हणणं खोटं नाही. काल इथे नाट्यसंगीत झालं, परवा मुलांचं नाटुकलं झालं, आणि आज हा म्हातारा मढ्यांच्या फोटोंबद्दल बोलणार! पण वहिनी, आपण ग्वाल्हेरात राहतो. फुलबागेतल्या समाधीवरून आपली रोजची ये-जा असते. महाराजपूरच्या विमानतळावरून विमान उडालं की आपल्या घरातली भांडी थरथरतात. १९९९ साली कारगिलला गेलेली मिराज विमानं आपल्या इथलीच होती, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेलेलीही इथूनच उडाली. युद्ध आपल्याला परकं नाही. ते पाहायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. त्यावरच मी बोलणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. २०२५ च्या मे महिन्यातले ते चार दिवस आठवा. ७ मेला आपल्या शहरात दिवे घालवण्याचा सराव झाला होता. त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री आपण सगळेच मोबाईल हातात धरून बसलो होतो. मला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. काळोखं आकाश, खालून वर जाणाऱ्या गोळ्यांच्या रेषा, आणि एक विमान पेट घेऊन खाली येतंय. मी तो लगेच आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आत्ताचं दृश्य'. पाच मिनिटांत पुण्याहून नातीचा फोन आला. ती म्हणाली, "आजोबा, हा गेम आहे. माझ्या मित्रांच्या कॉम्प्युटरवर मी शंभरदा पाहिलाय. आणि तुम्ही तर फोटोग्राफर!"

आता हसा, पण तिचा शेवटचा शब्द मला लागला. मुरारला माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या मुंजी आणि लग्नं मी काढली आहेत. पुष्कळांचे पासपोर्ट फोटो काढून त्यांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. चाळीस वर्षं हातात कॅमेरा धरलेल्या माणसाला चित्रातला खेळ आणि खरी आग यांतला फरक कळू नये? मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो भावाने पुढे पाठवला होता, भावाच्या मेहुण्याने त्याच्या पुढे.

पुढे जूनमध्ये मुलाकडे राहायला गेलो असताना त्याने मला टीव्हीवर एक माहितीपट लावून दिला. म्हणाला, "बाबा, तुमच्या धंद्यातला माणूस आहे, बघा." माहितीपटाचं नाव 'मॅकलिन'. २०१२ साली जॅकी मॉरिस आणि डेव्हिड मॉरिस यांनी केलेला, दीड तासाचा. सर डॉन मॅकलिन या इंग्रज छायाचित्रकाराची सगळी कारकीर्द त्यात आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याला ९० वर्षं पूर्ण झाली. माहितीपटात तो समोर बसून बोलतो, आणि त्याने काढलेले फोटो एकामागून एक येतात. निवेदकाचा भारदस्त आवाज नाही. एक म्हातारा माणूस आपलं आयुष्य सांगतोय, एवढंच. मी तो त्या आठवड्यात तीनदा पाहिला.

आधी त्याची ओळख करून देतो. जन्म १९३५ चा, बालपण लंडनच्या फिन्सबरी पार्क नावाच्या गरीब, गुंडगिरीने भरलेल्या वस्तीतलं. घरात दारिद्र्य, वडील दम्याचे आजारी. ते गेले तेव्हा हा जेमतेम चौदा वर्षांचा. शाळेत अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. आज त्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, तेव्हा मास्तर ठोकून काढायचे. सक्तीच्या लष्करी सेवेत तो हवाई दलात गेला, तिथे फोटोग्राफीच्या लेखी परीक्षेत नापास झाला आणि डार्करूममध्ये हरकाम्या म्हणून राहिला. त्याच काळात केनियात त्याने ३० पौंडांना एक रोलिकॉर्ड कॅमेरा घेतला. घरी परतल्यावर पैशांची चणचण झाली, म्हणून तो गहाण टाकला. आईने स्वतःचे पैसे भरून तो सोडवून आणला. माहितीपटाच्या त्या जागी मी थांबलो. माझा पहिला कॅमेराही आईच्या पाटल्यांवरच आला होता. आया सगळीकडच्या सारख्याच असतात.

पुढे त्याच्याच गल्लीतल्या टोळक्यातल्या पोरांचा त्याने काढलेला फोटो १९५९ साली 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात छापून आला आणि त्याचं आयुष्य फिरलं. १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहत होती, तेव्हा हा स्वतःच्या खर्चाने तिथे गेला. १९६४ ला सायप्रसमधल्या यादवीचे फोटो काढले आणि त्यातल्या एका शोक करणाऱ्या स्त्रीच्या फोटोला जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम वृत्तछायाचित्राचा पुरस्कार मिळाला. मग काँगो, व्हिएतनाम, बियाफ्रा, कंबोडिया, उत्तर आयर्लंड, बैरूत. कंबोडियात त्याच्या निकॉन कॅमेऱ्यावर रायफलची गोळी बसली. कॅमेरा मेला, माणूस वाचला. युगांडात इदी अमीनच्या तुरुंगात चार दिवस काढले. 'संडे टाइम्स'च्या मासिकासाठी त्याने जवळजवळ अठरा वर्षं हे काम केलं.

शौर्याच्या अशा कथा ऐकायला आपल्याला आवडतात. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्वतःचे फोटो दाखवताना हा माणूस खूश दिसत नाही. 'युद्ध छायाचित्रकार' ही पदवी त्याला नकोशी वाटते. दुसऱ्यांच्या दुःखावर आपलं नाव झालं, ही बोच तो लपवत नाही.

दोन फोटोंबद्दल सांगतो. दोन्ही १९६८ च्या फेब्रुवारीतले, व्हिएतनाममधल्या ह्यू शहरातल्या लढाईचे. तिथे तो अमेरिकी सैनिकांबरोबर अकरा दिवस होता.

पहिल्या फोटोत एक अमेरिकी सैनिक दोन्ही हातांत बंदुकीची नळी धरून बसलाय. जखम कुठेही नाही. पण डोळे असे की समोरचं काही दिसत नसावं. मॅकलिनने त्याचे लागोपाठ पाच फोटो काढले. पाचही निगेटिव्ह सारख्या! पापणी लवलेली नाही, बोट हललेलं नाही. मंडळी, मी चाळीस वर्षं माणसांना 'हलू नका' सांगत आलो. एक माणूस पाच फ्रेममध्ये सारखा येणं म्हणजे काय, हे मला विचारा! लग्नातला नवरदेव दोन फ्रेमसुद्धा स्थिर राहत नाही. त्या पोराच्या आत काय झालं असेल, याची कल्पना मला त्या पाच निगेटिव्हमुळे आली.

दुसरा फोटो एका मेलेल्या उत्तर व्हिएतनामी सैनिकाचा आहे. पोरगेलासाच. शेजारी मातीत त्याच्या चीजवस्तू पडल्या आहेत. पाकीट, घरच्यांचे फोटो, काडतुसं. अमेरिकी सैनिकांनी त्याचे खिसे उलटेपालटे केले होते. आणि इथे मॅकलिन सरळ सांगतो की त्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून मी त्या शेजारी मांडल्या. त्या मुलाच्या वतीने बोलायला तिथे कुणी नव्हतं, ते आपण बोलावं, असं त्याला वाटलं. आयुष्यात असं एकदाच केलं, असंही तो म्हणतो.

ते योग्य की अयोग्य, यावर फोटोवाल्यांमध्ये आजही वाद होतो. माझ्या मते ते करायला नको होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे आपल्याला कळलं कसं? कुणी पकडलं म्हणून नव्हे. त्याने स्वतः सांगितलं म्हणून.

याच्यासमोर मी आपल्याकडचा एक फोटो ठेवतो. १८५८ चा. फेलिक्स बिआटो किंवा फेलिचे बिआटो नावाचा छायाचित्रकार त्या वर्षीच्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला आणि लखनौला गेला. तिथे सिकंदरबाग नावाची जागा आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी तिथे सुमारे २,००० हिंदी शिपाई मारले होते. बिआटो पोहोचला तोवर चार-पाच महिने उलटले होते. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांवर चालती लढाई टिपताच येत नसे, कारण एकेका फोटोला काही सेकंद लागत. म्हणून त्याने लढाईनंतरची जागा टिपली. फोटोत मोडकी इमारत आहे, काही माणसं उभी आहेत, आणि पुढच्या अंगणभर मानवी हाडं पसरली आहेत. ती हाडं फोटोसाठी उकरून तिथे आणली गेली, असं इतिहासकार सांगतात. जगातल्या पहिल्या काही युद्ध-फोटोंपैकी एक हा आपल्या देशातला आहे, आणि तो मांडलेला देखावा आहे. मेलेल्यांची नावं त्यात नाहीत. ते कुणाचे मुलगे होते, याच्याशी त्या कॅमेऱ्याला देणंघेणं नव्हतं. जिंकणाऱ्यांना दाखवायचं ते दाखवलं.

आता आपल्या गावाकडे या. त्याच १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी इथे, ग्वाल्हेरात पडली. त्या लढाईचा एकही फोटो नाही. खुद्द राणीचा खात्रीचा असा फोटो नाही. मोबाईलवर जे फिरतात त्यांवर विश्वास ठेवू नका. जूनमधल्या बलिदान मेळ्याला आपण जातो, पुतळ्याला हार घालतो, पण ती दिसायची कशी हे आपल्याला चित्रकाराने सांगितलं आहे, कॅमेऱ्याने नव्हे.

मग त्या काळी कुणी साक्षीदारच नव्हता का? होता, आणि तो मराठी होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. भिक्षुकी करणारा गरीब माणूस. घरावरचं कर्ज फिटावं म्हणून, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, चांगली दक्षिणा मिळेल, या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या आगीत सापडला. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा तो झाशीत होता. तोफांचे गोळे, घराघरांत शिरून केलेली कत्तल, रस्त्यात पडलेली प्रेतं, लूट, तहान, हे सगळं त्याने पाहिलं. पुढे काल्पीच्या वाटेवर त्याला राणीही दिसली, थकलेली, धुळीने माखलेली. हातात ना कॅमेरा, ना रोजनिशी. घरी परतला तो गंगेची कावड घेऊन, द्रव्य जवळजवळ सगळं लुटलं गेलेलं. बऱ्याच वर्षांनी त्याने हे लिहून काढलं. 'माझा प्रवास' या नावाने चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, तेही काटछाट करून. मूळ प्रतीवरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं.

मी गोडसे भटजींना युद्धवार्ताहर म्हणणार नाही. ते पोटासाठी बाहेर पडले होते. पण त्यांच्या लिहिण्यात एक गुण आहे. आपल्याला भीती वाटली तिथे ते 'भीती वाटली' असं लिहितात. लपून बसलो तिथे 'लपलो' म्हणून सांगतात. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत कधी गफलतही होते, पण माणूस कुठे उभा राहून सांगतोय हे आपल्याला समजतं. बिआटोकडे कॅमेरा होता, भटजींकडे नव्हता. आज १८५८ समजून घ्यायचं तर मी भटजींकडे जाईन. यंत्र साक्ष देत नाही हो, माणूस देतो. कोर्टात शपथ माणसालाच घालतात.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं उदाहरण घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला. समोरच्या इमारतीत वृत्तपत्रांची कचेरी. तिथून सेबॅस्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर हे दोन वृत्तछायाचित्रकार बाहेर पडले. डिसोझा रिकाम्या लोकलच्या डब्यात शिरले आणि तिथून त्यांनी कसाबचे फोटो काढले. हातात बंदूक, पाठीवर पिशवी, तो फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. पण गोष्ट फोटोपाशी संपली नाही. दोघांनीही खटल्यात साक्ष दिली. न्यायाधीशांसमोर उभं राहून, हा फोटो मी काढला, अमुक ठिकाणी उभा राहून काढला, हे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात या दोघांच्या धैर्याची नोंद घेतली. फोटोला किंमत आली ती त्यामागे उभं राहणारं माणूस होतं म्हणून.

आणखी मागे जायचं तर आपले नारायण विनायक विरकर. मुंबईचे छायाचित्रकार, टिळकांसारख्या पुढाऱ्यांचे फोटो काढणारे. १९१९ साली जालियनवाला बागेत हत्याकांड झालं, त्यानंतर काही महिन्यांत ते अमृतसरला गेले आणि त्यांनी भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले. प्रेतं तेव्हा नव्हती. त्यांनी ती आणून मांडली नाहीत. भिंत होती, भिंतीवर खुणा होत्या, त्या टिपल्या. आज तो ऐवज आपल्या इतिहासाचा भाग आहे.

१९७१ मध्ये तर मॅकलिन आपल्या सरहद्दीवर आला होता. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, पावसाळा होता, कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. नवरा आपल्या बायकोचं प्रेत उचलून नेतो आहे, मुलं चिखलात आईजवळ बसली आहेत, असे ते फोटो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईचे किशोर पारेख, जन्माने भावनगरचे, कुठल्याही वृत्तपत्राने पाठवलेलं नसताना स्वतःहून बांगलादेशात गेले. सुमारे दोन आठवड्यांत त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतून ६७ निवडक फोटोंचं पुस्तक झालं. विजयाच्या घोषणा देणाऱ्या त्या दिवसांत त्यांनी रस्त्यावरची भेदरलेली, भुकेली, आपली माणसं शोधणारी साधी माणसं टिपली. १९६५ चं युद्ध आणि बिहारचा दुष्काळ आधीच पाहिलेला माणूस होता तो. १९८२ साली हिमालयात असतानाच वारले.

आता मला जे सांगणं सर्वांत जड जातं ते सांगतो.

१९९९ च्या सुरुवातीची गोष्ट. भिंडकडच्या एका गावातला जवान रजेवर आला होता. बायको आणि वर्षाची मुलगी यांना घेऊन माझ्या दुकानात आला. तिघांचा एक फोटो काढला, त्याचा एकट्याचा एक. मुलगी रडत होती, म्हणून खुळखुळा वाजवायला मी आमच्या सौभाग्यवतींना आतून बोलावलं. जुलैमध्ये त्याचा मोठा भाऊ तो पाकिटातला फोटो घेऊन आला. म्हणाला, "इसे बडा करना है." पुढे काही बोलला नाही आणि मला विचारावं लागलं नाही. आपल्या भागातले किती पोरगे त्या उन्हाळ्यात कारगिलला होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पाकिटांच्या ढिगातून निगेटिव्ह शोधली आणि सोळा बाय वीस इंचाचा फोटो करून आणला. पैसे घेतले नाहीत. भाऊ म्हणाला, उद्या गावी या, अंत्ययात्रेचे फोटो काढा, घरात राहायला हवेत.

मी गेलो. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी, सलामी देणारे जवान, घोषणा, झाडांवर चढलेली पोरं, हे सगळं काढलं. मग पेटी अंगणात ठेवली. आई बाहेर आली आणि तिने झाकणावर गाल टेकला. आवाज नाही, रडणं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला. फोकस केला. तेवढ्यात पलीकडे उभे असलेल्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा खाली घेतला.

वीस-एकवीस वर्षांनी, मी दुकान बंद करायच्या तयारीत असताना, एक तरुण मुलगी आली. तीच, खुळखुळ्यावाली. आजी नुकतीच गेली होती. म्हणाली, "अंकल, पापा आणि दादी यांचा एकत्र असा एकही फोटो आमच्या घरी नाही. तुम्ही त्या दिवशी आला होता म्हणतात. तुमच्याकडे असेल का?" मी तिला त्या रोलच्या सगळ्या निगेटिव्ह दिल्या. तो एक फोटो त्यात नव्हता.

वडिलांची ती नजर मला 'नको' म्हणत होती, असं मी तेव्हा समजलो. कदाचित ती 'काढ' म्हणत असेल. कदाचित नुसतीच माझ्याकडे वळली असेल. ते मला आता कधीच कळणार नाही. वीस वर्षं मी सभ्य वागलो असं मानून होतो. त्या मुलीने विचारलं आणि ते मानणं ढळलं.

म्हणून मॅकलिनचा माहितीपट मी तीनदा पाहिला. मला त्याच्याकडून उत्तर हवं होतं. बियाफ्राच्या दुष्काळात त्याला एका शाळेत शेकडो भुकेली मुलं दिसली. त्यात एक पांढऱ्या कातडीचा, कोड असावं तसा दिसणारा अल्बिनो मुलगा होता. हातात रिकामा डबा, पाय काड्यांसारखे. इतर मुलं त्याला चिडवत होती. मॅकलिनला त्याच्याकडे बघवेना, तो बाजूला वळला, तर तो मुलगा हळूच येऊन त्याचा हात धरून उभा राहिला. त्याने खिशातली एक गोळी त्याला दिली. तो फोटो त्याने काढला, जगभर छापला गेला. आजही त्या मुलाबद्दल बोलताना तो अडखळतो. मी फोटो काढला नाही म्हणून मला टोचतं, त्याने काढला म्हणून त्याला टोचतं. बहुधा उत्तर नसतंच. टोचणं मात्र असायला हवं. ज्याला टोचत नाही, त्याच्या हातात कॅमेरा देऊ नये.

त्याच्या फोटोंनी युद्धं थांबली का? तो स्वतःच नाही म्हणतो. सरकारांना मात्र त्यांची धास्ती वाटली. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धावर जायला त्याला त्याच्याच देशाने परवानगी दिली नाही. आता तो इंग्लंडच्या सॉमरसेट भागात राहतो आणि शेतं, ओढे, पावसाळी आकाश यांचे काळेपांढरे फोटो काढतो. डार्करूममध्ये स्वतः प्रिंट करतो. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर हळूहळू चित्र उमटू लागतं, तो क्षण मीही हजारो वेळा पाहिला आहे. लग्नातली नवरी उमटताना पाहण्यात सुख असतं. त्याच ट्रेमध्ये आयुष्यभर मेलेली मुलं उमटताना पाहायची, म्हणजे काय झालं असेल त्याचं?

वहिनी, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. गणपतीत हे कशासाठी? लोकमान्यांनी हा उत्सव घराबाहेर आणला तो नुसत्या आरतीसाठी नव्हे, चार माणसांनी एकत्र बसून जगाचा विचार करावा म्हणून. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेराही आहे आणि छापखानाही. मे महिन्यात मी तो व्हिडिओ पुढे ढकलला, तेव्हा त्याच्यामागे कुणी माणूस नव्हतं. तो कुणी काढला, कुठे उभा राहून काढला, कोण मेलं, काहीच नव्हतं. होती ती फक्त माझी घाई.

म्हणून एक छोटी सवय मी लावून घेतली आहे, तीच आपल्यापुढे ठेवतो. युद्धाचं कोणतंही चित्र आलं की पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. हे काढणारा कोण? आणि यात दिसणारा माणूस कुणाचा कोण? पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तर ते चित्र माझ्यापाशीच थांबतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही, पण नुसतं विचारलं तरी अंगठा थबकतो. नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, मग तुमचा ग्रुप फार शांत होईल." झालाय खरा. भावाचा मेहुणा मात्र अजून ऐकत नाही.

बाहेर जाताना उजव्या हाताच्या भिंतीवर मंडळाने माझे काही जुने फोटो लावले आहेत. मुंजी, मंगळागौरी, जुन्या बाड्यावरची गणपतीची मिरवणूक. त्यांत शेवटी एक चौकट रिकामी ठेवायला मी सांगितलं होतं. सजावटीतली चूक नाही ती. त्या अंगणातल्या फोटोची ती जागा आहे.

 गणपती बाप्पा मोरया!